टाइप कळला, आता त्याचं करायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसच्या प्रशिक्षणात एमबीटीआय ही व्यक्तिमत्त्व चाचणी भरून घेतली, 'आयएनटीजे' हा चार अक्षरी टाइप आला आणि वर्णन वाचून वाटलं की कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवूनच लिहिलंय. आठ महिन्यांनी घरी मोबाइलवर फुकटची टेस्ट दिली, तर 'आयएनएफपी'. मग यातलं खरं काय, स्वतःला ओळखायला याचा उपयोग होतो का, आणि नवऱ्याचा नि बॉसचा टाइप ओळखून त्यांच्याशी कसं वागायचं ते ठरवता येईल का? आणि शेवटी, 'स्वभावाला औषध नाही' हेच खरं का?

मी 22 वर्षं समुपदेशन करते आहे आणि त्यातली बरीच वर्षं कंपन्यांच्या टीम्ससाठी याच विषयावर वर्कशॉप घेते. म्हणजे या टेस्टांवर माझं पोट काही अंशी चालतं, हे आधीच सांगून टाकते. उपयोग होतो. पण टेस्ट जिथे संपते तिथून पुढे होतो. बहुतेक लोक चार अक्षरं हातात आली की थांबतात, काही जण ती सोशल मीडियाच्या प्रोफाइलवर लावतात, आणि विषय मिटतो. खरं काम त्या अक्षरांची मोडतोड करण्यात आहे.

आधी अक्षरं का बदलली ते पाहू. तुमच्या दोन्ही निकालांत 'आय' आणि 'एन' जागेवर आहेत. 'टी'चं 'एफ' झालं आणि 'जे'चं 'पी'. या चाचण्या माणसाला प्रत्येक जोडीत रेघेच्या अल्याड किंवा पल्याड टाकतात: अंतर्मुख (आय) की बहिर्मुख (ई), समोरच्या तपशिलावर भर (एस) की एकूण चित्रावर (एन), निर्णय तर्काने (टी) की माणसं आणि मूल्यं धरून (एफ), आधी ठरवून मोकळं होणारा (जे) की शेवटपर्यंत पर्याय उघडे ठेवणारा (पी). प्रत्यक्षात माणसं अशी दोन ढिगांत पडत नाहीत. उंचीचं घ्या. 165 सेंटिमीटरवर रेघ मारून वरच्यांना 'उंच' आणि खालच्यांना 'बुटके' म्हटलं, तर 164 आणि 166 वाले वेगवेगळ्या गटांत जातात, आणि 166 व 190 वाले एकाच गटात येतात. बहुतेक लोक मधल्या पट्ट्यात असतात, म्हणजे नेमकी रेघेपाशीच गर्दी. मूड, थकवा, प्रश्नाची शब्दरचना, कशानेही जरासा धक्का लागला की अक्षर पलटतं. एमबीटीआयवरची जुनी आणि रास्त टीका हीच आहे: काही आठवड्यांनी पुन्हा भरून घेतली तरी बऱ्याच जणांचं निदान एक अक्षर बदललेलं असतं. शिवाय मोबाइलवरच्या फुकट टेस्टा म्हणजे अधिकृत एमबीटीआय नव्हे. अक्षरं तीच वापरतात, प्रश्न वेगळे असतात.

त्यामुळे तुमच्या निकालांमधून मी एवढंच काढेन: गर्दीपेक्षा एकांत आणि तपशिलापेक्षा कल्पना, याकडे तुमचा कल बऱ्यापैकी ठाम दिसतो. उरलेल्या दोन बाबतींत तुम्ही बहुधा रेघेच्या जवळपास उभ्या आहात. आणखी एक शक्यता मला जास्त रंजक वाटते. पहिली टेस्ट तुम्ही ऑफिसात बसून भरली, दुसरी घरी. 'मी वेळापत्रक पाळते' या वाक्यासमोर खूण करताना ऑफिसातल्या तुम्ही आणि सुट्टीच्या दिवशी लोळत पडलेल्या तुम्ही वेगळं उत्तर दिलं असेल, तर दोन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत. हा धागा हातात ठेवा, पुढे लागेल.

आता, ते वर्णन इतकं कसं जुळलं? 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या वर्गातल्या 39 विद्यार्थ्यांकडून व्यक्तिमत्त्व चाचणी भरून घेतली आणि प्रत्येकाला त्याचा 'खास' निकाल दिला. निकाल किती अचूक आहे याला 5 पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली 4.26. मग त्याने सांगितलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि तो त्याने ज्योतिषाच्या एका स्वस्तातल्या पुस्तकातून उचलला होता. 'तुम्ही वरून शिस्तशीर दिसता, पण आतून कधी कधी धास्तावलेले असता' अशा धाटणीची वाक्यं कुणाला लागू पडत नाहीत? म्हणून वर्कशॉपमध्ये मी एक खोडी काढते. निकाल वाटताना वरची नावं झाकून प्रत्येकाला तीन वर्णनं देते: त्याचं स्वतःचं, दोन अक्षरांनी वेगळं आणि पूर्ण उलटं. त्यातलं स्वतःचं कोणतं ते ओळखायला सांगते. पूर्ण उलटं सहसा कुणी उचलत नाही. पहिल्या दोघांत मात्र भल्याभल्यांची गडबड होते. घरी करून पाहा. एखाद्या मैत्रिणीकडून नावं झाकून घ्या आणि तुमच्या दोन निकालांची वर्णनं मिसळून वाचा.

पण एवढ्यावर 'सगळं थोतांड' म्हणून मोकळं होणाऱ्यांशीही माझं जमत नाही. वर्णन वाचून तुम्हाला जे हायसं वाटलं, त्यात काहीतरी खरं आहे, आणि ते भाषेशी जोडलेलं आहे.

आपल्याकडे माणसाच्या स्वभावाला शब्दांची कमतरता कधीच नव्हती. भिडस्त, तुसडा, हेकट, धांदरट, आतल्या गाठीचा, मोकळाढाकळा, मनकवडा, चेंगट, उतावळा, घुमा. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतो आपण, आणि जवळजवळ तितकेच शब्दही आहेत. मात्र यातले बहुतेक शब्द वर्णनाबरोबर निकालही देऊन टाकतात. कमी बोलणाऱ्या मुलाला घरचे घुमा म्हणतात. तोच मोठा होऊन साहेब झाला की मितभाषी होतो. बाई मतावर टिकून राहिली तर हट्टी, पुरुष राहिला तर ठाम. पैसे जपून वापरणारा आवडता असेल तर काटकसरी, नावडता असेल तर चिक्कू. वागणं एकच, पण बोलणाऱ्याचा राग-लोभ शब्दात आधीच मिसळलेला. लहानपणापासून 'घुमी' ऐकलेल्या बाईला चाळिशीत एक कागद सांगतो की तू अंतर्मुख आहेस, जगात अशी पुष्कळ माणसं असतात आणि त्यांना गर्दीनंतर शांतता लागते. तिच्या डोळ्यांत पाणी येताना मी स्वतः पाहिलं आहे. तिला नवी माहिती मिळालेली नसते, तिच्यावरचा आरोप मागे घेतलेला असतो. टाइपच्या भाषेचा सगळ्यात मोठा फायदा मला विचाराल तर हाच: ती स्वभावाबद्दल बोलताना शिवी न देता बोलायची सोय करते. चाचणी शास्त्राच्या कसोटीवर थोडी लंगडी असली, तरी ही सोय खरी असते.

गंमत अशी की शब्दांचा हाच साठा वापरून मानसशास्त्रज्ञांनी जास्त भरवशाची पद्धत उभी केली. माणसांना एकमेकांत जे फरक महत्त्वाचे वाटतात त्यांना भाषेत कधी ना कधी शब्द मिळतोच, असा त्यामागचा विचार. 1936 मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे जवळपास 18,000 शब्द वेचले. पुढच्या काही दशकांत अनेकांनी ते गाळून, गट पाडून, लोकांकडून गुण भरून घेऊन पाहिलं, आणि पुन्हा पुन्हा पाच मोठे गट वर येत राहिले. नव्या अनुभवांबद्दल खुलेपणा, नेटकेपणा आणि जबाबदारी, बहिर्मुखता, सौजन्य, म्हणजे दुसऱ्याशी जुळवून घेण्याची वृत्ती, आणि भावनिक अस्थिरता. याला 'बिग फाइव्ह' म्हणतात. यात तुम्ही अमुक 'प्रकारच्या' नसता. प्रत्येक पट्टीवर तुमची एक जागा असते, उंचीसारखी.

एमबीटीआयची जन्मकथा वेगळी आहे. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने 1921 मध्ये मांडलेल्या स्वभाव-प्रकारांवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स यांनी ती तयार केली. दोघींपैकी कुणीच मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं; इसाबेल तर रहस्यकथा लिहून बक्षीस मिळवलेली लेखिका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बायका मोठ्या संख्येने नोकऱ्यांत येत होत्या, त्यांना मानवेल असं काम सापडावं ही तिची तळमळ होती. शुद्ध अंतर्मुख किंवा शुद्ध बहिर्मुख असं कुणी नसतंच, असलाच तर तो वेड्यांच्या इस्पितळात सापडेल, अशा आशयाचं बोलणं खुद्द युंगने करून ठेवलं आहे. चाचणी विकणाऱ्यांनी ते भिंतीवर लावायला हवं होतं.

दोन्ही पद्धती शेजारी ठेवल्या की एक गोष्ट उठून दिसते. मॅक्रे आणि कोस्टा या मानसशास्त्रज्ञांनी 1989 मध्ये दाखवलं की एमबीटीआयच्या चार जोड्या बिग फाइव्हमधल्या चार पट्ट्यांशी बऱ्यापैकी जुळतात. पाचवी तिथे नाहीच: भावनिक अस्थिरता. म्हणजे काळजी किती पटकन दाटून येते, टीका किती लागते, एकदा बिनसलं की सावरायला किती वेळ लागतो. चार जोड्यांतून बनणाऱ्या सोळाही टाइपांची वर्णनं वाचायला इतकी गोड का असतात, याचं हे एक कारण. कुणी द्रष्टा, कुणी रक्षक, कुणी मध्यस्थ, सगळेच छान. माझ्या खुर्चीतून पाहिलं तर घरातली आणि ऑफिसातली निम्मी भांडणं याच पाचव्या पट्टीवर होतात. म्हणून स्वतःला ओळखायचं खरोखर मनात असेल तर एकदा बिग फाइव्हची प्रश्नावली भरा. लुईस गोल्डबर्ग यांनी उभा केलेला 'आयपीआयपी' नावाचा प्रश्नसंच सर्वांना मोफत खुला आहे आणि त्यावर आधारलेल्या बऱ्याच प्रश्नावल्या मिळतात. पाचव्या पट्टीवर आकडा वर आला तर दचकू नका. पेला पातळ काचेचा आहे एवढंच तो सांगतो, पेला फुटलाय असं नाही.

तर आता मोडतोडीकडे.

1968 मध्ये वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने क्षेत्रात खळबळ उडवून दिली. त्याचं म्हणणं होतं की माणूस एका प्रसंगात जसा वागतो त्यावरून तो वेगळ्या प्रसंगात कसा वागेल याचा अंदाज आपण समजतो त्यापेक्षा फार कमी लागतो. मग स्वभाव नावाची गोष्टच नाही की काय? पुढे त्याने आणि युइची शोदा यांनी एका उन्हाळी शिबिरातल्या मुलांचं कित्येक आठवडे बारकाईने निरीक्षण केलं. भांडखोरपणाची बेरीज सारखीच असलेली दोन मुलं घ्या. एक सवंगड्यांनी चिडवलं की अंगावर धावून जातो, पण मोठ्यांनी दटावलं तर गप्प बसतो. दुसऱ्याचं नेमकं उलट. दोघांनाही 'भांडखोर' म्हणून आपण मोकळे होतो. पण प्रत्येकाचा 'जेव्हा असं, तेव्हा तसं' हा आराखडा पाहिला तर तो बराच स्थिर असतो आणि ज्याचा त्याचा वेगळा असतो. माणसाची सही म्हणा ना.

माझ्या कामाचा कणा हीच कल्पना आहे. टाइपच्या वर्णनातलं प्रत्येक विशेषण घ्यायचं आणि त्याचं 'जेव्हा… तेव्हा…' अशा वाक्यात रूपांतर करायचं. 'मी अंतर्मुख आहे' हे वाक्य खोटं पडूच शकत नाही, म्हणून त्यातून शिकायलाही काही मिळत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'जेव्हा मीटिंगमध्ये सहापेक्षा जास्त लोक असतात आणि विषय मला आधी कळलेला नसतो, तेव्हा मी गप्प बसते आणि घरी आल्यावर मला मुद्दे सुचतात.' हे तपासता येतं. पुढच्या चार मीटिंगांत कळेल. कदाचित असंही लक्षात येईल की माणसं बारा असली तरी विषय आधी माहीत असेल तेव्हा तुम्ही भरपूर बोलता. म्हणजे गर्दीचं काही नव्हतंच, तयारीचं होतं. मग उपायही साधा: अजेंडा आदल्या दिवशी मागून घ्या. चार अक्षरांनी हा उपाय तुम्हाला कधीच सुचवला नसता, उलट 'मी अशीच आहे' म्हणून गप्प बसायला परवाना दिला असता.

तीन आठवडे एक लहान वही जवळ ठेवा. रोज पानभर लिहायची गरज नाही, ते कुणी करत नाही; मीही केलेलं नाही. दिवसातून एकदा, जिथे आपण नेहमीपेक्षा जास्त तापलो, खुललो, थकलो किंवा टाळाटाळ केली, तो एक प्रसंग दोन ओळींत. समोर कोण होतं, किती वाजले होते, आधी काय घडलं होतं. 'का' लिहू नका. 'का' म्हटलं की मन वकिलासारखं बाजू मांडायला लागतं. तीन आठवड्यांनी वीसेक नोंदी होतील, त्या एका बैठकीत वाचा आणि त्यातून 'जेव्हा-तेव्हा'ची आठ-दहा वाक्यं काढा. ऑफिसातल्या तुम्ही आणि घरातल्या तुम्ही यांत 'टी' नि 'एफ' का पलटतं, ते इथे उघड होईल. एका बाईंच्या वहीत निघालं की त्या कामाच्या ठिकाणी अगदी कोरडेपणाने, आकड्यांवर बोट ठेवून निर्णय घेतात, पण बहिणीशी संबंध आला की एकही निर्णय तर्काने घेत नाहीत. दोन टाइप नव्हते, दोन नाती होती.

माझंही सांगते. मला वाटायचं मी शांत डोक्याची आहे. टेस्टांमध्येही तसंच यायचं. वहीत आलं ते असं: 'जेव्हा कुणी माझं वाक्य अर्ध्यावर तोडतं, तेव्हा मी लगेच काही बोलत नाही, पण त्या माणसाच्या पुढच्या तिन्ही सूचनांना विरोध करते.' हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. शांत कसली, उधारी ठेवणारी निघाले.

आणि हे मला एकटीला दिसलंच नसतं. वहीतली ओळ माझी होती, पण 'पुढच्या तिन्ही' हा तपशील एका सहकाऱ्याने पुरवला. सिमिन वझीर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2010 मध्ये या बाबतीत एक फार उपयोगी काम केलं. स्वतःचं कोणतं रूप आपल्याला जास्त नीट दिसतं आणि कोणतं दुसऱ्यांना, हे त्यांनी तपासलं. आतली धाकधूक, चिंता हे आपलं आपल्याला चांगलं कळतं. बोलकेपणा सगळ्यांनाच दिसतो. पण बुद्धी, कल्पकता अशा बाबतींत, जिथे 'चांगलं-वाईट' चिकटलेलं असतं, तिथे आपल्यापेक्षा मित्रांचा अंदाज जास्त बरोबर निघतो. कारण उघड आहे, तिथे आपला अहंकार मध्ये येतो. चाचणी तर तुम्हीच तुमच्याबद्दल भरता! तिथे आरसाही तुमचाच आणि चेहराही तुमचाच.

म्हणून दोन माणसं निवडा, एक घरचं, एक कामावरचं, ज्यांना तुमच्याकडून काही नको आहे आणि ज्यांना तुमची भीतीही वाटत नाही. 'मी कशी आहे?' असं विचारू नका, उत्तरादाखल कौतुक किंवा विनोद मिळेल. विचारा: 'गेल्या महिन्यात माझ्याशी बोलणं कधी जड गेलं?' आणि 'तेव्हा मी नेमकं काय केलं?' मग उत्तर संपेपर्यंत तोंड बंद. स्पष्टीकरण द्यायला लागलात तर पुन्हा कुणी खरं सांगणार नाही.

आता दुसऱ्यांबद्दल. इथे मी आधी माझी चूक सांगते, कारण तुमचा 'बॉसचा टाइप ओळखून' हा शब्दप्रयोग वाचून मला तीच आठवली.

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या टीममध्ये एक तरुण मुलगी होती. मीटिंगमध्ये अवाक्षर नाही, जेवायला एकटी. मी मनातल्या मनात शिक्का मारला: पक्की अंतर्मुख. आणि मोठ्या समजूतदारपणाने तिला लोकांसमोर बोलायची कामं द्यायचं बंद केलं. दीड वर्षाने तिने राजीनामा दिला. जाताना म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला कधी संधीच दिली नाहीत." कॉलेजात ती वादविवाद स्पर्धा गाजवत होती. आमच्या मीटिंगमध्ये ती गप्प असायची, कारण पहिल्याच आठवड्यात माझ्या एका वरिष्ठ सहकाऱ्याने सगळ्यांदेखत तिची चूक काढून हसं केलं होतं, आणि त्या दिवशी मी तिथे नव्हते. मी तिचा स्वभाव वाचत होते. वाचायला हवा होता तो प्रसंग. 'अंतर्मुख लोकांना समजून घ्या' हे मी त्याच वर्षी दुसऱ्या कंपन्यांत शिकवत होते, हे लिहिताना आजही कान गरम होतात.

ही चूक माझी एकटीची नाही. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं आणि स्वतःच्या वागण्याचं परिस्थितीत, ही माणसाची जुनी खोड आहे. तो उशिरा आला कारण तो बेफिकीर, मी उशिरा आले कारण रस्ता तुंबला होता. टाइपची भाषा अर्धवट शिकली की ही खोड सुटत नाही, उलट तिला शास्त्राचा मुलामा मिळतो. कालपर्यंत 'तो हेकट आहे' म्हणणारी बायको आज 'तो जे आहे' म्हणते. फरक शून्य.

म्हणून माझा नियम: टाइप स्वतःला लावायचा, दुसऱ्याला विचारायचा. बॉसच्या बाबतीत तर टाइप विचारायचीही गरज नाही. तुम्हाला हवी आहेत दोन-तीन 'जेव्हा-तेव्हा' वाक्यं, आणि ती थेट मागता येतात. 'अशा विषयावर तुम्हाला आधी कागद पाठवू की येऊन बोलू?' 'अडचण दिसली तर लगेच सांगू की उपाय सापडल्यावर?' 'मसुदा कच्चा असताना बघायला आवडेल की पूर्ण झाल्यावर?' कोणताही बॉस या प्रश्नांनी दुखावत नाही. बहुतेकांना आजवर कुणी विचारलेलंच नसतं. उत्तर मिळाल्यावर तेही तपासा, कारण लोक सांगतात एक आणि रमतात दुसऱ्यातच. कच्चं चालेल म्हणणारा बॉस शुद्धलेखनाच्या चुकीवर चिडत असेल, तर तुमच्या वहीत खरं वाक्य ते.

नवऱ्याबद्दल तुम्ही एवढंच लिहिलंय की तो 'काहीच वेळेवर ठरवत नाही' आणि त्यावरून खटके उडतात. ठरवून मोकळं होणारी माणसं आणि पर्याय उघडे ठेवणारी माणसं एका घरात आली की हे होतंच; माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांत ही जोडी सगळ्यात जास्त दिसते. मला जे आढळलं ते असं: पहिल्याला न ठरलेली गोष्ट डोक्यात टोचत राहते, ठरली की तो सुटतो. दुसऱ्याला ठरलेली गोष्ट गळ्याला आवळते, मोकळी असली की तो श्वास घेतो. प्रवासाची तिकिटं तीन महिने आधी काढायचा आग्रह धरणारी त्याला हुकूमशहा वाटते, तो तिला बेजबाबदार वाटतो. दोघंही एकाच गोष्टीच्या मागे असतात, जिवाला स्वस्थता हवी असते. ती मिळवायच्या वाटा उलट्या. अशा वेळी मी जोडप्यांना सगळं अर्धं-अर्धं करायला सांगत नाही, त्याने दोघंही नाराज होतात. नेमकं काय टोचतं ते शोधायला सांगते. एका जोडप्यात निघालं की तिला फक्त जायची-यायची तारीख पक्की हवी होती. मधल्या दिवसांचं तिला काहीच नव्हतं. त्याला मधले दिवस मोकळे हवे होते. तारखेबद्दल त्याची तक्रारच नव्हती. नऊ वर्षं ते ज्यावर भांडत होते तो मुद्दा दोघांपैकी कुणाचाच नव्हता.

कुठे वापरू नये तेही सांगते. नोकरीला कुणाला घ्यायचं हे टाइपवरून ठरवू नये. एमबीटीआय चालवणारी कंपनी स्वतःच त्याला मनाई करते. विक्रीसाठी बहिर्मुखच हवेत, ही समजूतही तपासण्यासारखी आहे: अ‍ॅडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञाने 2013 मध्ये 340 विक्रेत्यांची कामगिरी पाहिली, तर सर्वाधिक विक्री मधल्या पट्ट्यातल्यांची निघाली. लग्न जुळवताना तर अजिबात नको. आणि आठवडेच्या आठवडे मन उदास असेल, झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर 'मी आयएनएफपी आहे ना, आम्ही असेच' म्हणून ते टाइपच्या खात्यावर घालू नका. डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा.

राहिला 'स्वभावाला औषध नाही' हा मुद्दा, कारण तुमच्या प्रश्नाच्या शेवटी तो डोकावतो. म्हण अर्धी खरी. स्वभावातल्या फरकांचा चाळीस ते पन्नास टक्के वाटा आनुवंशिक दिसतो. पण रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये, माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेली 92 संशोधनं एकत्र करून पाहिली, तेव्हा वयाबरोबर सरासरीने नेटकेपणा वाढतो आणि भावनिक अस्थिरता उतरते, असं दिसलं. हा बदल सावकाश होतो, काही वर्षांच्या हिशेबाने. तोवर एक मधला मार्ग आहे. ब्रायन लिटल हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अतिशय अंतर्मुख, पण शिकवणं जिवापाड आवडतं म्हणून वर्गात उत्साहाचा धबधबा. भाषण संपलं की एकांत मिळावा म्हणून ते स्वच्छतागृहात जाऊन बसत. आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या कामासाठी स्वभावाबाहेर वागता येतं, फक्त नंतर भरपाई करावी लागते, असं त्यांचं सांगणं. तुमच्या वहीत या भरपाईच्या जागा जरूर नोंदवा. कुठे, किती वेळ, कुणाशिवाय. माझी जागा म्हणजे वर्कशॉपनंतर बंद गाडीत वीस मिनिटं. तेव्हा फोन आला तर मी उचलत नाही, आणि घरच्यांना ते माहीत आहे.

नवऱ्याला टेस्ट द्यायला लावू नका. परीक्षा घेतल्यासारखं वाटतं आणि निकाल हत्यार म्हणून वापरला जातो. त्याऐवजी तीन आठवड्यांनी तुमची दहा वाक्यं त्याच्यापुढे ठेवा आणि हातात पेन्सिल द्या. जे पटत नाही ते खोडायला सांगा, राहिलेलं लिहायला सांगा. तो बहुधा दोन खोडेल, एक वाक्य वाचून जोरात हसेल. त्या हसलेल्या वाक्यावर तुमचं निदान तासभर बोलणं होईल, आणि त्यात कधीतरी तो स्वतःच म्हणेल, "आणि मी ना, जेव्हा तू विचारतेस की ठरलं का, तेव्हा…" तिथे गप्प बसा आणि त्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या.